गुजरी मरून दाखवते

ऐक, आधी नुसतं ऐक. मधी 'पण' म्हणू नको आणि 'असं कसं' तर आजिबात म्हणू नको, कारण असंच झालं, आणि आपल्याच गावात झालं. तू पुण्याला गेलास तेव्हापासनं गावाकडं फिरकला न्हाईस, पण गुजरी तर आठवत असंल? एष्टी स्टँडापासून जुन्या वेशीपर्यंतचा तो बाजाराचा रस्ता. इकडं लातूर, तिकडं नांदेड, आणि मधी दोन्हीकडच्या गाड्यांना चहापुरतं आपलं हिप्परखेड. ह्या गावाला पोट म्हणून एकच जागा हाय, ती गुजरी. तर त्या गुजरीला जिवंत करायचं आपल्या लोकांनी ठरवलं. आता तू म्हणशील, ती मेली कधी होती? तेच सांगून राहिलो. मेली नव्हती. आधी मारावी लागली.

ह्यात सगळ्यात पुढं ईश्वरप्पा होता. भांड्याच्या दुकानाचा ईश्वरप्पा, दानम्माचा पोरगा. बाप गेल्यापासून दुकान दानम्मानं वढलं आणि ह्याला लातूरला डॉक्टर व्हायच्या क्लासला घातलं. दोन वर्षं क्लास केला. डॉक्टर काय झाला न्हाई, पण क्लासनं त्याच्या डोक्यात एक गोष्ट अशी ठोकून बसवली की ती आजपर्यंत निघाली न्हाई: बरोबर उत्तर म्हणजे तपासणाऱ्याला पाहिजे असलेलं उत्तर. खरं-खोटं हा वेगळा विषय, आणि तो परीक्षेला न्हाई.

साल दुष्काळाचं. लातूरला पाणी रेल्वेनं यायला लागलं तो उन्हाळा. गुजरीत कापडवाले तागे उलगडून पुन्हा गुंडाळायचे, तेवढाच हाताला व्यायाम. सराफ दुसऱ्या सराफाकडं जाऊन भाव विचारून यायचा, तेवढीच वर्दळ. पण दानम्माच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुष्काळात माणूस लुगडं घेत न्हाई, टिपाड घेतोय. पाणी साठवायची ड्रमासारखी निळी टिपाडं, प्लॅस्टिकच्या घागरी, तोटीची पिंपं. पार कंधारच्या बाजूच्या वाड्यातांड्यांवरनं बाया यायच्या. दानम्मा टिपाड आडवं पाडून त्याच्यावर बुक्की हाणायची आणि म्हणायची, "ऐक गं आवाज. चीर असती तर असा बोलला असता का?" आणि टिपाडाला आलेली बाई जाताना लेकराला चड्डी घ्यायची, पावशेर शेव घ्यायची, काकणं भरायची. म्हणजे गुजरी थकली होती, पण तिची नाडी चालू होती, आणि ती दानम्माच्या दुकानातनं चालू होती. एवढं ध्यानात ठेव.

आता आपल्या गावाचा स्वभाव. दुसऱ्या गावाला बोलता येतं, आपल्या गावाला बंद करता येतं. राग आला, बंद. आनंद झाला, बंद. पुढारी वारला, बंद. वारल्याची बातमी खोटी निघाली, तर समाधान व्यक्त करायला बंद. व्यापारी संघाचे अध्यक्ष महादेवप्पा कापडवाले, ह्यांच्या आयुष्यातलं सांगण्यासारखं कर्तृत्व काय, तर त्यांनी पुकारलेला एकबी बंद आजपर्यंत फसला न्हाई. 'कडकडीत' हा शब्द ते असा म्हणायचे की ऐकणाऱ्याचा हात आपोआप शटरकडं जावा.

त्यात नव्या जिल्ह्याची हवा सुटली. नवे जिल्हे होणार, त्यात हिप्परखेडचं नाव हाय, असं कुणी कुणाला सांगितलं हे कुणालाच ठाऊक न्हाई. पण लातूर स्वतः उस्मानाबादच्या पोटातनं निघालेला जिल्हा. मग लातूरच्या पोटात आपण का नसावं? त्या दिवसापासून माणसं हळू चालायला लागली, जिल्ह्याच्या माणसांनी चालावं तशी. तहसीलीपुढच्या झेरॉक्सवाल्यानं पाटी बदलून 'जिल्हा झेरॉक्स' केली. जिल्हा व्हावा म्हणून एक बंद झाला, जिल्हा होणारच म्हणून दुसरा झाला.

आणि मग योजना आली. 'प्रस्तावित जिल्हा मुख्यालयांतील बाजारपेठ पुनरुज्जीवन योजना.' नाव एवढं लांब होतं की त्यातच अर्धा विकास झाल्यासारखा वाटला. सरकार पैसा घालणार, आपली पेठ जिल्ह्याला शोभेल अशी करणार. ईश्वरप्पाला मोबाईल चांगला चालवता येतो म्हणून त्याला व्यापारी संघाचा सचिव केलं. गळ्यात उपरणं आलं. दानम्मा म्हणली, "डॉक्टरच्या नळीचा फास चुकला, तर हा घालून आला."

पाहणीला आल्या पंचशीला सोनकांबळे मॅडम. मुदखेडच्या, वडील रेल्वेत होते, स्वतः अभियंता. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात मोजायची टेप. भर उन्हात स्टँडापासून वेशीपर्यंत पायी गेल्या, पायी आल्या. दानम्माच्या दुकानापुढं तर त्यांना गर्दीतनं वाट काढावी लागली. परत येऊन म्हणाल्या, "छान आहे की पेठ. ह्या दुष्काळात एवढी वर्दळ मी फार कमी ठिकाणी बघितली. अभिनंदन."

महादेवप्पांनी हात जोडले. "तुमची मेहेरबानी. मग निधी कधी?"

"निधी मिळणार नाही."

"का वो मॅडम?"

"योजना मृतप्राय पेठेसाठी आहे. पाहणीच्या वेळी चारातली तीन दुकानं बंद आढळली पाहिजेत. तुमची पेठ जिवंत आहे. अपात्र."

महादेवप्पांचा चेहरा असा झाला, जसं चारचौघांत कुणी त्यांच्या घराण्याचं काहीतरी काढलं. "मॅडम, हे जिवंत दिसतंय ते वरवरचं हाय. आतून आम्ही खलास हाव."

"आतलं मोजायची टेप माझ्याकडे नाही."

मिठाईवाले संगप्पा कढईमागनं वरडले, "मी तर दोन वर्षांपासनं मेलोय मॅडम! कुणालाबी विचारा!" आणि असं म्हणून त्यांनी जिलेबी उलटी केली.

मॅडम हसल्या न्हाईत. "पुन्हा पाहणी होईल," एवढंच म्हणाल्या.

"कधी?" ईश्वरप्पानं विचारलं.

"ती सांगून होत नाही. अचानक होते."

संध्याकाळी संघाची बैठक. तिथं ईश्वरप्पा उठला. अचानक पेपर म्हणजे त्याचा अभ्यासाचा विषय. म्हणला, "अप्पा, अचानक म्हणजे कधीपण. उद्या, परवा, महिन्यानं. म्हणजे आपल्याला एका दिवसापुरतं मरून भागणार न्हाई. कायम मेलेलं राहावं लागंल."

"म्हणजे काय करावं लागंल?"

"बंद."

महादेवप्पांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते त्यांच्या पोराच्या लग्नातबी आलं नव्हतं. "बंद? अरे मग एवढा वेळ काय बोलून राहिलात? बंद तर आपल्या हातचा मळ हाय!"

घरी मात्र दानम्मा पोळपाट सोडून उठली. "तम्मा, बाकीच्यांचं ठीक हाय, त्यांच्याकडं गिऱ्हाईकच न्हाई. आपलं दुकान कशाला बंद?"

"आपलंच आधी बंद पाहिजे अव्वा! आपलंच सगळ्यात जिवंत दिसून राहिलं. आपल्यापायी पूर्ण पेठ नापास झाली."

"आणि बाया येतील त्या?"

"थांबतील थोडे दिवस. एकदा निधी येऊ दे, रोड होऊ दे, मग बघ कसं गिऱ्हाईक येतंय."

"गिऱ्हाईक थांबत नसतंय, यप्पा. तहानलेलं तर आजिबातच न्हाई. दार बंद दिसलं की त्याचे पाय दुसऱ्या दाराची वाट शिकतात. आणि शिकलेले पाय परत येत न्हाईत."

ईश्वरप्पाला हे पटलं बरं का. खरंच पटलं. पण पटणं आणि पात्र होणं ह्यात त्यानं पात्र होणं निवडलं. सकाळी स्वतःच्या हातानं दुकानाचं शटर खाली वढलं, बापानं बसवलेलं, आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

आणि मग काय मरण सांगू तुला! तसं मरण पुन्हा होणे न्हाई. महादेवप्पा रोज सकाळी फेरी मारायचे आणि मेलेपणाची प्रत तपासायचे. "तुझ्या ओट्यावर धूळ कमी हाय, रेवणप्पा. मेलास ना? मग झाडतोस कशाला?" जुन्या देवळातनं कोळ्याची जाळी काठीवर गुंडाळून आणली आणि शटरांच्या कोपऱ्यांत अलगद लावली. न्हावी आत अंधारात दाढी करायचा. दोन-तीन गिऱ्हाइकांच्या गालाला टाके पडले, पण त्यांनी गावासाठी सोसलं. कुणी अर्धं शटर वर केलं की 'मेलेपणाचा भंग' धरायचा असं ठरलं, आणि भंग दिसला की शिट्टी वाजवायची जिम्मेदारी सचिवाची. ईश्वरप्पाच्या गळ्यात उपरण्याशेजारी शिट्टी आली.

पहिल्याच आठवड्यात एक बाई कंधारच्या गाडीनं उतरून दानम्माच्या दुकानापुढं उभी राहिली आणि शटर वाजवायला लागली. ईश्वरप्पाला शिट्टी वाजवावी लागली. स्वतःच्या गिऱ्हाइकावर. बाई दचकून चार पावलं मागं सरली. म्हणली, "बाबा, कुणी गेलं का घरात?" ईश्वरप्पा म्हणला, "न्हाई मावशी, पेठ गेली." बाईनं हळहळून मान हलवली आणि गेली.

काही दिवसांनी त्याच्या ध्यानात आलं, की दुकानातली टिपाडं कमी होऊन राहिली. पुढं कुलूप तर जसंच्या तसं. आणि त्याच वेळी महादेवप्पांच्या कानावर आलं, की गावाबाहेर टाकीच्या माळावर, जिथं टँकर भरतात, तिथं कुणीतरी समांतर पेठ चालू केली. सचिवानं जाऊन चौकशी करावी. सचिव शिट्टी घेऊन गेला.

माळावर टँकरांची रांग, आणि पाण्याची वाट बघणाऱ्या बायांची गर्दी. ज्ञानोबा टँकरवाला, त्याच्या टँकरच्या सावलीत छत्री उघडून एक म्हातारी बसलेली. आडव्या टिपाडावर बुक्की हाणून सांगून राहिली होती, "ऐक गं आवाज..."

"अव्वा!" ईश्वरप्पाच्या तोंडातली शिट्टीच गळून पडली. "तू? सचिवाची आई?"

"सचिवाची आई मेली न्हाई अजून. तिला निधी नको."

"माल कसा आणलास?"

"मागच्या दारानं. तू पुढच्या दाराचा सचिव हायस ना?"

ज्ञानोबा टँकरला टेकून हसून राहिला होता. "बसा सचिवसाहेब," तो म्हणला, "पेठ बघायला आलात तर चहा घ्या. चहावालाबी तुमच्या गुजरीतलाच हाय."

आणि खरंच, बघितलं तर काय! दानम्माच्या मागं चहावाला आला होता, चहावाल्याच्या मागं काकणवाली, काकणवालीच्या मागं चड्ड्यांचा हातगाडा. जिथं टिपाड, तिथं शेव. अख्खी नाडी माळावर येऊन धडधडून राहिली होती. ईश्वरप्पा परत आला आणि त्यानं संघाला खरं ते सांगितलं, की गिऱ्हाईक माळावर गेलं. त्याला वाटलं, आता तरी अप्पा घाबरतील. तर महादेवप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "झकास! म्हणजे आता गुजरीतलं मरण एकदम अस्सल वाटंल. जाळी लावायचीबी गरज न्हाई."

मॅडम आल्या त्या भर दुपारी, न सांगता. गुजरीत चिटपाखरू न्हाई. एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलेलं, तेबी कूस बदलायला तयार न्हाई. ईश्वरप्पाला त्या कुत्र्याचा एवढा अभिमान वाटला! मॅडम एकेक दुकान बघत पुढं जात होत्या. संगप्पांच्या बंद शटरपाशी थांबल्या. नाक वर केलं.

"मेलेल्या दुकानातून जिलेबीचा वास कसा येतो?"

ईश्वरप्पा एक पळभर गडबडला, आणि मग क्लास कामाला आला. "मॅडम, ती आठवण हाय."

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. मग टेप गुंडाळत विचारलं, "एक प्रश्न नियमाप्रमाणे विचारावा लागतो. ही पेठ आपोआप बंद पडली, की तुम्ही बंद केली? निधी नैसर्गिक मृत्यूलाच आहे."

"नैसर्गिक," महादेवप्पा म्हणाले. "एकदम नैसर्गिक."

"मी सचिवांना विचारते. हे तुमच्या आईचं दुकान ना? टिपाडांचं? मागच्या वेळी मला इथं उभं राहायला जागा नव्हती."

"हाव."

"हेसुद्धा नैसर्गिक?"

मागनं महादेवप्पांचं कोपर ईश्वरप्पाच्या बरगडीत. समोर तपासणारी बाई, हातात उत्तर. "नैसर्गिक," तो म्हणला.

मॅडमनी कागदावर शेरा मारला. मग म्हणाल्या, "पात्र." आयुष्यात पहिल्यांदा ईश्वरप्पा कशाला तरी पात्र ठरला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उन्हाळ्यात गुजरीत दिसलेलं तेवढंच पाणी.

निधी मंजूर झाल्याच्या आनंदात बंद पाळणं आलंच. पण अडचण अशी, की बंद असलेली पेठ बंद कशी करायची? महादेवप्पा ह्या कामातले मुरलेले. त्यांनी तोडगा काढला: सकाळी अर्धा तास सगळ्यांनी दुकानं उघडायची, म्हणजे ती आनंदानं बंद करता येतील. तशी केली. कडकडीत.

मग काम चालू झालं. मुंबईहून एक सल्लागार आले, केसांची शेंडी बांधलेले. त्यांनी पेठेतल्या लोकांना बोलावून सांगितलं, की आता गिऱ्हाईक वस्तू घ्यायला बाजारात येत नसतं, अनुभव घ्यायला येतं. आपण अनुभव विकायचा. दानम्मा मागं बसली होती. तिनं विचारलं, "त्या अनुभवात पाणी किती मावतंय?" सल्लागार म्हणाले, "आजी फार गोड आहेत," आणि पुढं बोलायला लागले.

रस्ता उकरला, ओटे काढले, दगडी फरश्या घातल्या, बाकडी ठेवली. बाकड्यांवर बसणारं कुणी नव्हतं, त्यामुळं ती लई स्वच्छ राहिली. वेशीपाशी कारंजं होणार होतं, पण दुष्काळ, म्हणून कारंज्याच्या जागी कारंज्याचं चित्र उभं केलं. मेलेल्या पेठेत मागच्या दारानं व्यवहार चालतो अशी तक्रार गेली होती, म्हणून सगळी मागची दारं विटांनी बुजवली. आणि शेवटी सल्लागारांची मुख्य करामत. प्रत्येक शटरवर त्यांनी चित्र काढून घेतलं. कशाचं? तर उघड्या दुकानाचं. कापडवाल्याच्या शटरवर तागे उलगडलेले, संगप्पांच्या शटरवर कढई, सगळीकडं गिऱ्हाइकांची ही गर्दी. ईश्वरप्पाच्या शटरवर दानम्मा काढली होती, वीस वर्षांनी तरुण, आणि तिच्यापुढं टिपाडं घ्यायला उभ्या बाया. त्यातल्या एकीच्या खांद्याला पर्स होती. शटरवरची दानम्मा हसून राहिली होती.

सगळं झाल्यावर महादेवप्पांनी मॅडमना विचारलं, "आता दुकानं उघडायची ना?"

मॅडमनी पहिल्यांदाच नजर चुकवली. "शटर वर केलं की चित्र गुंडाळलं जातं. रंग उडतो. चित्रं सरकारी पैशानं काढलेली आहेत, म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. मूल्यमापन समिती येऊन जाईपर्यंत त्याला धक्का लावता येणार नाही. असा आदेश आहे."

"समिती काय बघणार?"

"पेठेत गर्दी आहे का ते."

सगळ्यांनी शटरांकडं बघितलं. गर्दी होती.

ज्या दिवशी समिती यायची, त्याच दिवशी सकाळी टाकीच्या माळावर अतिक्रमण हटवायची गाडी आली आणि माळ साफ केला. तिथं नव्या जिल्ह्याचं कलेक्टर ऑफिस होणार म्हणून. जिल्हा अजून व्हायचा होता, पण जागा आधी मोकळी लागती. दानम्माची माळावरची टिपाडं उचलून नेली, चहावाल्याची शेगडी नेली, काकणवालीची पेटी पालथी झाली. दानम्मा छत्री बगलेत धरून पायी गुजरीत आली. आणि तिच्या मागं एक बाई, भामाबाई नावाची, डोंगरापलीकडच्या वाडीवरची. तिचं टिपाड तळातनं चिरलं होतं. वाडीला चार दिसांनी एकदा टँकर जायचा, तो तासाभरात माळावरनं निघणार होता, आणि तिच्या घरी पाणी भरायला भांडं नव्हतं.

"उघड, तम्मा," दानम्मा म्हणली. "माळावरचं गेलं. आता जे हाय ते ह्या शटरमागं हाय."

"अव्वा, आज न्हाई. आज निकाल हाय."

"तुझा निकाल रोजच असतोय. हिचा टँकर आज हाय."

भामाबाई शटरवरच्या बायांच्या रांगेशेजारी जाऊन उभी राहिली. बहुतेक तिला वाटलं, नंबर लावावा लागंल.

समिती वेशीपाशी कारंज्याच्या चित्रापुढं फोटो काढून राहिली होती. पंचशीला मॅडम पुढं चालत आल्या, म्हातारीकडं बघितलं, भामाबाईकडं बघितलं. मग ईश्वरप्पाला हळूच म्हणाल्या, "ते लोक फोटो काढायला वेळ लावतील. मी त्यांच्याकडे जाते. माझी पाठ इकडे असेल."

"आणि नियम, मॅडम?"

"नियम आमचा आहे. कुलूप तुमचं आहे."

आणि त्या खरंच पाठ करून उभ्या राहिल्या. ईश्वरप्पा खाली वाकला. किल्ली कुलपात घातली. एक पीळ मारायचा, शटर गुडघ्यापर्यंत वर करायचं, एक टिपाड बाहेर वढायचं, परत खाली. एवढंच. बापाचं शटर, आईचं दुकान, दारात गिऱ्हाईक. पण समोरनं महादेवप्पांनी त्याला वाकलेलं बघितलं आणि हात जोडले. नुसते जोडले न्हाईत, हलवून राहिले. "जिल्हा जाईल रे," असे वठ हलले. ईश्वरप्पाचा हात थांबला. तो विचार करायला लागला, की तपासणाऱ्याला काय पाहिजे असंल.

तेवढ्यात समिती वळली. समितीचे प्रमुख लांबनंच वरडले, "वा, वा! हे बघा! चित्रातली गर्दी आणि तिच्यात खऱ्या बायका! ह्याला म्हणतात लोकसहभाग! बाई, तिथंच उभ्या राहा, हलू नका! आणि आजी, तुम्ही त्या चित्रातल्या बाईशेजारी या. अगदी तुमच्यासारखीच दिसते की! आणि तुम्ही खाली वाकलेले, तुम्ही कोण?"

"सचिव."

"मग उठा! हसा!"

ईश्वरप्पानं किल्ली काढून मुठीत लपवली, उठला आणि हसला. कॅमेरा तीनदा चमकला. दानम्मा हसली न्हाई, पण चित्रातली हसत होती, त्यामुळं भागलं.

समितीनं तिथल्या तिथं सांगून टाकलं: राज्यातली उत्कृष्ट पुनरुज्जीवित बाजारपेठ. टाळ्या झाल्या. टाळ्या संपता संपता माळाकडनं टँकरचा हॉर्न आला, लांबलचक. भामाबाईनं ईश्वरप्पाकडं बघितलं. "दादा, आता टिपाड?"

"मावशी," ईश्वरप्पा म्हणला, "उद्या या. नक्की उघडतो."

दानम्मानं भामाबाईचा हात धरला आणि म्हणली, "चल गं, माझ्या घरातलं टिपाड रिकामं करून देते. आमच्या घरी आता सचिव राहतो, त्याला पाणी लागत न्हाई." आणि दोघी त्या चकचकीत फरश्यांवरनं चालत गेल्या. अख्ख्या नव्या गुजरीत खरी म्हणावी अशी तेवढीच दोन माणसं चालून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी भामाबाई आली असती तरी काय उपयोग नव्हता. पुरस्काराच्या आनंदात बंद होता. आणि आता आदेश असा हाय, की पुरस्कार मिळालेल्या पेठेचं मूळ रूप जपायचं. म्हणजे शटर वर करायचं न्हाई, कधीच. बाहेरगावची माणसं गाड्या करून गुजरी बघायला येतात, चित्रांपुढं उभं राहतात, अनुभव घेतात. घ्यायला दुसरं काय नसतंय. जिल्हा? जिल्ह्याचं अजून चालू हाय. ईश्वरप्पा रोज सकाळी दुकानापुढं जातो आणि चित्रातल्या आईवरची धूळ फडक्यानं पुसतो. खरी दानम्मा त्याच्याशी बोलत न्हाई.

हसून राहिलास? हास, हास. पण त्या फोटोत भामाबाई दिसती, दानम्मा दिसती, आणि ईश्वरप्पाची वळलेली मूठपण दिसती. 'आपली गुजरी, आपला अभिमान' असं लिहून तो फोटो गावभर फिरला, तुझ्या मोबाईलवरबी आला. त्याच्याखाली सगळ्यात पहिला अंगठा कुणाचा होता, काढून बघ जरा. तुझाच. मूठ बघितली होतीस का? जाऊ दे, ती तरी कुणी बघितली. तू एवढंच सांग मला: मुठीत किल्ली, मागं आई, दारात ती बाई, आणि पुढं कॅमेरा घेऊन म्हणून राहिले, हसा. तू काय केलं असतंस रे?